नोंद आणि शेरा : प्राथमिक शाळेच्या प्रगतिपत्रकातील मराठीचा विचार

१

समीक्षेचा विषय म्हणून आपण कादंबरी, नाटक, निबंध यांचा विचार करतो; फार तर वृत्तपत्रीय गद्यापर्यंत जातो. शाळेच्या प्रगतिपत्रकावर शिक्षकाने लिहिलेली दोन-तीन वाक्ये समीक्षेस पात्र आहेत असे सहसा कोणास वाटत नाही. वास्तविक इतक्या नियमितपणे लिहिले जाणारे आणि इतक्या घरांत पोचणारे दुसरे मराठी गद्य क्वचितच असेल. ज्या घरात वर्षभरात दुसरा लिखित कागद येत नाही तेथेही हा कागद सत्राच्या अखेरीस येतो, आणि तो घरातल्याच एका व्यक्तीविषयी असतो. ज्या आईबापांना स्वतःला वाचता येत नाही ते तो शेजारच्या एखाद्या मुलाकडून वाचून घेतात. आपल्या मुलाविषयी कोणा शिकलेल्या माणसाने काय लिहिले आहे, हे जाणून घेण्याची त्यांची ती एकमेव संधी असते.

या गद्याची भाषिक तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मूल्यमापनाच्या तंत्राविषयी शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. त्याची पुनरुक्ती येथे अभिप्रेत नाही. प्रश्न इतकाच आहे की, शिक्षक जे वाक्य लिहितो ते व्याकरणदृष्ट्या नेमके काय सांगते, आणि जे सांगावयास हवे ते सांगण्याची सामग्री मराठीत विपुल असताना ती तेथे का उपयोगात येत नाही. विवेचनासाठी हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याचा परिसर समोर ठेवला आहे. उदाहरणादाखल दिलेली वाक्ये प्रचलित साच्यांवरून बांधलेली आहेत. ती कोणत्याही एका शाळेच्या दप्तरातून घेतलेली नाहीत.

२

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील कलम २९ ने मुलाच्या आकलनाचे आणि ते आकलन उपयोगात आणण्याच्या क्षमतेचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन व्हावे असे सांगितले. कलम २४ ने मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व शिकण्यातील प्रगती यांविषयी पालकांच्या नियमित सभा घेऊन त्यांना माहिती देणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले. या तरतुदींना अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी शासननिर्णय काढला. मूल्यमापनाचे आकारिक आणि संकलित असे दोन भाग करण्यात आले. आकारिक भागास पहिली-दुसरीत शेकडा ७०, तिसरी-चौथीत ६०, पाचवी-सहावीत ५० आणि सातवी-आठवीत ४० असा भारांश ठरविण्यात आला. म्हणजे मूल जितके लहान तितके लेखी परीक्षेचे वजन कमी. गुणांच्या जागी अ-१ पासून इ-२ पर्यंतच्या श्रेणी आल्या आणि श्रेणीच्या जोडीला शिक्षकाने शब्दांत काही लिहावे अशी अपेक्षा ठेवण्यात आली. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक असे रकाने त्यासाठी योजले गेले. या लेखनाला नाव मिळाले ‘वर्णनात्मक नोंद’.

या नावातील ‘नोंद’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. तत्पूर्वीच्या प्रगतिपुस्तकात ‘शेरा’ असे. नोंद आणि शेरा हे दोन्ही शब्द शेतकऱ्याच्या घरात शाळेच्या आधीपासून परिचित आहेत. जमिनीच्या फेरफाराची नोंद होते : व्यवहार कधी झाला, कोणाकडून कोणाकडे, क्षेत्र किती. नोंद चुकली तर तिच्यावर हरकत घेता येते, कारण तिच्यात तपासून पाहता येईल असे काही असते. शेरा हा गाव नमुना बारामधील अखेरच्या रकान्याचा मथळा. आणि कचेरीत तो अधिकाऱ्याच्या मताचा वाचक. या दोन नामांशी मराठी जी क्रियापदे जोडते तीही पाहण्यासारखी आहेत. नोंद ‘घेतली’ जाते, ‘ठेवली’ जाते. शेरा ‘मारला’ जातो. नोंद घेणाऱ्याला आधी पाहावे लागते. शेरा मारणाऱ्याला अधिकार असला म्हणजे पुरते.

जे. एल. ऑस्टिन यांच्या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांनी उक्तीचे जे वर्ग पाडले त्यांत निवाडा देणाऱ्या उक्तींचा एक स्वतंत्र वर्ग आहे. पंचाने ‘बाद’ म्हटले की खेळाडू बाद होतो, त्याच जातीची ही उक्ती. शेरा या वर्गात बसतो. नोंद हे कथन आहे. शासननिर्णयाने कथन मागितले होते. प्रत्यक्षात बहुतेक पत्रकांवर जे उतरले तो नोंदीचा वेष घेतलेला शेरा आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. आणि त्याचा पुरावा वाक्यांच्या घडणीतच सापडतो.

३

प्रचलित नोंदींचे साचे सर्वपरिचित आहेत. ‘परिपाठात उत्साहाने सहभागी होतो’, ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘गृहपाठ वेळेवर पूर्ण करतो’, ‘वाचनाचा प्रयत्न करतो’, ‘शाळेत अनियमित येतो’, ‘गणितात सुधारणा आवश्यक’. अशा तयार वाक्यांचे विषयवार संग्रह शिक्षकांमध्ये फिरतात. पूर्वी ते पुस्तिकांच्या रूपाने मिळत, आता भ्रमणध्वनीवरही मिळतात. शिक्षक त्यांतून वाक्य निवडतो आणि मुलाच्या नावापुढे उतरवितो. या वाक्यांचे चार विशेष ध्यानात घ्यावेत.

पहिला विशेष काळाचा. जवळजवळ सर्व वाक्ये साध्या वर्तमानकाळात आहेत. हा काळ मराठीत चालू क्षणाविषयी फार थोडे सांगतो. त्याचे मुख्य काम नित्य सत्य आणि सवय सांगण्याचे. ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ हे नित्य सत्य. ‘तो दारू पितो’ ही सवय. ‘तो दारू पितो’ असे ऐकणारा ‘केव्हा?’ असे विचारीत नाही, त्या माणसाचा स्वभाव त्याला कळला असे तो समजतो. ‘शाळेत अनियमित येतो’ हे वाक्य त्याच घडणीचे आहे. एका सत्रात घडलेली गोष्ट या क्रियारूपामुळे मुलाच्या स्वभावात जाऊन बसते. आठ वर्षांच्या मुलाविषयी काही सांगावयाचे तर ते बदलत्या अवस्थेविषयीच असणार, आणि त्यासाठी निवडले गेले आहे ते भाषेतील सर्वांत स्थिर क्रियारूप.

दुसरा विशेष मापाचा. ‘उत्साहाने’, ‘सुंदर’, ‘मन लावून’, ‘बऱ्यापैकी’ ही क्रियाविशेषणे लिहिणाऱ्याचे समाधान सांगतात; वाचणाऱ्याच्या हाती त्यांतून काही येत नाही. ‘वाचन बरे आहे’ या वाक्यावरून ते मूल जोडाक्षरापाशी अडते की परिच्छेदाच्या अर्थापाशी, हे कोणास सांगता येईल?

तिसरा विशेष कर्त्याचा. ‘सुधारणा आवश्यक’ या शब्दसमूहात क्रियापद नाही आणि कर्ताही नाही. सुधारणा कोणी करावयाची? मुलाने, शिक्षकाने, घराने, की शाळेत दोन वर्गांसाठी एकच शिक्षक नेमणाऱ्या व्यवस्थेने? रकान्याचा मथळा याविषयी मौन पाळतो, आणि ज्याचे नाव पत्रकाच्या माथ्यावर लिहिलेले असते त्याच्याच पदरी ती जबाबदारी आपोआप पडते.

चौथा विशेष अर्थाच्या आडवळणाचा. नोंद होकारार्थी असावी असा दंडक सामान्यतः पाळला जातो. त्यामागील हेतू चांगला आहे. परंतु त्यातून एक सांकेतिक भाषा निर्माण झाली आहे. ‘वाचनाचा प्रयत्न करतो’ याचा अर्थ शिक्षकांच्या वर्तुळात ‘वाचता येत नाही’ असा घेतला जातो. पालक मात्र ते वाक्य शब्दशः घेतात आणि मुलगा प्रयत्न करतो आहे या समाधानात राहतात. येथे सौजन्याने वस्तुस्थिती झाकली जाते, आणि ती नेमकी तिच्याकडे ज्यांनी पाहावयाचे त्यांच्यापासूनच.

आणखी एक लहानसा पुरावा लिंगाचा. मराठी क्रियापद कर्त्याच्या लिंगाने विकार पावते. ‘करतो’ आणि ‘करते’ हा भेद अशिक्षितासही शिकवावा लागत नाही. तरीही एखाद्या मुलीच्या पत्रकावर ‘गृहपाठ वेळेवर पूर्ण करतो’ असे उतरते, तेव्हा ते वाक्य लिहिताना ती मुलगी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नव्हती एवढे तरी सिद्ध होते.

विशेषणांच्या बाबतीतही हीच प्रवृत्ती आढळते. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर मुलांना आणि शाळांना ‘प्रगत’ म्हणण्याची रीत शिक्षकांच्या बोलण्यात रुळली आणि तिच्या मागोमाग ‘अप्रगत’ हे विशेषणही. ‘प्रगती’ हे क्रियावाचक नाम आहे. तिच्यात वाटचाल अभिप्रेत आहे. ‘प्रगत’ या रूपात ती वाटचाल संपलेली असते. ‘अप्रगत’ या रूपात तर ती कधी सुरूच झालेली नसते. ज्या कागदाचे नाव प्रगतिपत्रक, त्याच्या परिसरात हे विशेषण वावरावे ही विसंगती लक्षणीय आहे.

४

आता सेनगावकडे वळू. हा तालुका १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात होता. त्या दिवशी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. उत्तरेस वाशीम जिल्हा, म्हणजे विदर्भ, त्याला लागून आहे. त्यामुळे मराठवाडी आणि वऱ्हाडी या दोन बोलींची सीमा या भागात कोठे आखावी हे सांगणे कठीण. मराठवाडी बोलीत चालू क्रिया ‘करायलाय’, ‘जायलाय’ अशा रूपांनी दाखविली जाते. वऱ्हाडीत त्याच ठिकाणी ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिला’ अशी रूपे येतात. घडण वेगळी असली तरी कार्य एकच : क्रिया सुरू आहे, संपलेली नाही, हे स्पष्टपणे सांगणे. प्रमाण मराठीतील ‘करतो’ या रूपावर सवय आणि चालू क्रिया हे दोन्ही अर्थ पुष्कळदा येऊन पडतात. बोलींनी त्यांची फारकत केली आहे.

याचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. शाळेत आलेली आई गुरुजींना विचारते, ‘पोरगं वाचायलंय का?’ किंवा ‘वाचून राहिलं का?’ तिचा प्रश्न चालू वाटचालीविषयी आहे. पत्रक तिला उत्तर देते, ‘वाचनाची आवड आहे’ किंवा ‘वाचनाचा प्रयत्न करतो’. प्रश्न प्रक्रियेचा आणि उत्तर स्वभावाचे, असा हा विसंवाद आहे. त्या आईची बोली या ठिकाणी शाळेच्या लेखनभाषेपेक्षा अधिक काटेकोर आहे, असे भाषाभ्यासकाला म्हणावे लागते.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. या भागातील तांड्यांवरून व गावांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. शाळेचे दुसरे सत्र नेमके याच काळात येते. हंगामी वसतिगृहांची योजना अशा मुलांसाठी आहे. तरी जी मुले आईबापांबरोबर जातात त्यांचे सबंध सत्र बुडते. अशा मुलाच्या पत्रकावर ‘शाळेत अनियमित येतो’ असे वाक्य आले, तर त्यात असत्य काही नाही. परंतु कारण त्या वाक्यातून गळून पडले आहे, आणि कारण गळाले की दोष कर्त्याचा ठरतो. याउलट असे लिहिता येईल : ‘नोव्हेंबर ते मार्च आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता. जाण्यापूर्वी दोन अंकी बेरीज हातच्यासह करीत होता. परतल्यावर हातच्याची बेरीज विसरला होता. एप्रिलच्या अखेरीस पुन्हा जमू लागली.’ ही तीन-चार वाक्ये पुढच्या वर्गाच्या शिक्षकाला सुरुवात कोठून करावयाची ते सांगतात. ‘अनियमित’ हा शब्द त्याला फक्त मुलाविषयी एक ग्रह देतो.

तिसरी गोष्ट मातृभाषेची. तांड्यावरील मुलाची घरची भाषा गोरमाटी. ती आर्यकुलातील असून राजस्थानी बोलींना जवळची आहे. तिच्यात पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. मराठीत नपुंसकलिंग हे तिसरे. तेव्हा गोरमाटी बोलणारे मूल मराठी शिकताना ‘माझा पुस्तक’ किंवा ‘मोठी झाड’ म्हणते, त्याला कारण आहे. घरच्या भाषेतील द्विभाग ते नव्या भाषेला लावून पाहत आहे. ‘अशुद्ध बोलतो’ हा त्यावरील शेरा. नोंद अशी होईल : ‘पुल्लिंगी व स्त्रीलिंगी नामांशी विशेषणाचा मेळ बरोबर घालतो आहे, नपुंसकलिंगी नामांशी अजून घालता येत नाही.’ पहिल्या वाक्याने मुलाची भाषाच चुकीची ठरते. दुसऱ्याने त्याने दोनतृतीयांश वाट चालल्याचे दिसते आणि उरलेली कोणती तेही कळते. मुलाची भाषा शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम असावी असे २००९ च्या अधिनियमाचे कलम २९ म्हणते. ते जेथे शक्य झाले नाही तेथे निदान मूल्यमापनाच्या वाक्यात तरी त्या भाषेची दखल असावी, ही अपेक्षा अवास्तव नव्हे.

५

यावर दोन आक्षेप संभवतात, आणि दोन्ही गंभीर आहेत.

पहिला आक्षेप श्रमाचा. तिसरी-चौथीच्या वर्गात ३० मुले आणि ७ विषय धरले, तर दोन सत्रांच्या मिळून ४२० नोंदी होतात. दोनशिक्षकी शाळेत एका शिक्षकाकडे दोन वर्ग असतात. त्याखेरीज पोषण आहाराचा हिशेब, सर्वेक्षणे, निवडणुकीची कामे आहेतच. अशा स्थितीत तयार वाक्यांचा संग्रह हाताशी घेणाऱ्या शिक्षकाला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. तो संग्रह म्हणजे अशक्य मागणीला दिलेले शक्य उत्तर आहे. परंतु यावरून निष्कर्ष निघतो तो नोंदींची संख्या कमी करण्याचा. प्रत्येक विषयासमोर एक पोकळ वाक्य लिहिण्याऐवजी प्रत्येक मुलाविषयी सत्रात दोन खऱ्या नोंदी, एक भाषेची व एक गणिताची, एवढेच मागितले, तर ४२० च्या जागी १२० होतात. त्या लिहिण्याजोग्या असतात आणि वाचण्याजोग्याही.

दुसरा आक्षेप असा की, पालक शेवटी श्रेणीच पाहतात. वाक्याकडे कोण लक्ष देतो? या आक्षेपात तथ्य आहे. रूथ बटलर यांनी इस्रायलमधील शाळकरी मुलांवर केलेला आणि १९८८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे आठवतो. ज्या मुलांना कामावर केवळ लेखी अभिप्राय मिळाला त्यांचे पुढील काम सुधारले. ज्यांना केवळ गुण, किंवा गुण आणि अभिप्राय असे दोन्ही मिळाले, त्यांच्यात तशी सुधारणा आढळली नाही. श्रेणी शेजारी आली की वाक्याचा प्रभाव उरत नाही, असा याचा अर्थ लावता येतो. आपल्या पत्रकावर दोन्ही एकाच पानावर असतात. तथापि ‘क-१’ च्या शेजारी ‘गणितात सुधारणा आवश्यक’ एवढेच असेल, तर पालकाने श्रेणी पाहून थांबण्यात त्याचा दोष कोणता? वाक्य श्रेणीचेच भाषांतर करीत असेल, तर ते वाचण्याचे प्रयोजन नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समग्र प्रगतिपत्रकाची कल्पना मांडली; त्यात शिक्षकाच्या जोडीला मुलाने स्वतःचे आणि सहाध्यायांनी एकमेकांचे केलेले मूल्यमापनही यावे असे सुचविले. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीच्या अखेरीस परीक्षा घेण्याची व तीत अनुत्तीर्ण झालेल्यास त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली, आणि महाराष्ट्राने २०२३ साली तिचा स्वीकार केला. म्हणजे पत्रकावरील वाक्याचे परिणाम आता पूर्वीपेक्षा अधिक दूरगामी आहेत. रकाने कितीही नवे आले, तरी त्यांत जुनेच वाक्य उतरणार असेल, तर नवेपण छपाईपुरते राहील.

६

मग वाक्य कसे असावे? याचे उत्तर मराठीच्या क्रियापदव्यवस्थेत तयार आहे. ते बाहेरून आणावयास नको. ‘वाचू लागला आहे’ हे रूप आरंभ सांगते. ‘वाचता येते’ हे क्षमता सांगते, आणि तेथे कर्ता चतुर्थीत येतो : ‘तिला जोडाक्षरे वाचता येतात’. ‘अजून वाचता येत नाही’ यातील ‘अजून’ हे क्रियाविशेषण नकाराला तात्पुरते करते. ‘वाचता येत नाही’ आणि ‘अजून वाचता येत नाही’ यांत एका शब्दाचे अंतर आहे, पण मुलाच्या दृष्टीने ते फार मोठे आहे. ‘वाचले’ हे रूप घडलेली घटना सांगते आणि तिला दिवस व पुस्तक जोडून मागते. ‘आपण घरी वाचून घ्यावे’, ‘मी रोज दहा मिनिटे वाचून घेणार आहे’ या वाक्यांत कर्ता प्रकट होतो. सुधारणा कोणी करावयाची हा प्रश्न तेथे उरत नाही.

शिक्षकाने लिहिलेले वाक्य स्वतःच तपासून पाहावयाचे असेल, तर तीन प्रश्न पुरेत. हे वाक्य वर्गातील दुसऱ्या मुलाच्या पत्रकावर जसेच्या तसे चालेल काय? चालत असेल, तर ती नोंद नव्हे. या वाक्यावर आईबापांना हरकत घेता येईल काय? घेता येत नसेल, तर त्यात तपासण्याजोगे काही नाही. हे वाक्य जूनमध्ये नव्या शिक्षकाने वाचले, तर पहिल्या दिवशी काय करावे ते त्याला कळेल काय? ‘कविता तालासुरात म्हणतो’ हे वाक्य तिन्ही कसोट्यांवर उतरत नाही. ‘जून महिन्यात उत्तरे एका शब्दात देत होती, ऑक्टोबरमध्ये बाजाराची हकीकत सलग पाच-सहा वाक्यांत सांगितली, लिहिताना मात्र दुसऱ्या वाक्यानंतर थांबते’ हे वाक्य तिन्हींवर उतरते, आणि ते लिहिण्यास विशेष भाषाप्रभुत्व लागते असेही नाही. लागते ती वर्षभरात त्या मुलीकडे तीनदा लक्षपूर्वक पाहिल्याची आठवण, व ती टिपून ठेवलेली एखादी वही.

अखेरीस आपल्या विभागांविषयी एक सूचना. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधिकेसाठी विषय हवे असतात, आणि तेच ते कवी व कादंबरीकार पुनःपुन्हा निवडले जातात. एखाद्या तालुक्यातील काही शाळांच्या संमतीने, मुलांची व शाळांची नावे पूर्णपणे वगळून, पाच वर्षांच्या वर्णनात्मक नोंदी संकलित केल्या, त्यांतील क्रियारूपांची वर्गवारी केली, मुलगे आणि मुली, गावठाण आणि तांडा यांच्या नोंदींत भेद पडतो की काय हे पाहिले, तर भाषाशास्त्राला साहित्यबाह्य गद्याचा एक प्रामाणिक संग्रह मिळेल आणि अध्यापक विद्यालयांना हाताशी धरता येईल असा पुरावा. साचेबंद वाक्यात मूल हरवते हे या लेखात मोजक्या उदाहरणांवरून दाखविले. ते किती प्रमाणात हरवते आणि कोणाचे मूल अधिक हरवते, हे अशा अभ्यासानेच निश्चित होईल.